छत्तिसावा दिवस

सोमवार, ४ मार्च

ही वही बायकोने आणून दिली आहे. रक्तदाब वाढलाय, राग कुठेतरी बाहेर पडू द्या, असं दवाखान्यात सांगितलं. ही लगेच म्हणाली, "घरात पडण्यापेक्षा वहीत पडू दे." वाचणार नाही असं म्हणते. तरी तिला कळेल अशा भाषेत लिहितो, नाहीतर शब्द अडला की मलाच विचारायला येईल आणि मग कसलं गुपित.

आज ऑफिसात नवीन बाई रुजू झाली आणि पहिल्याच दिवशी तिने माझं डोकं फिरवलं.

आमची कंपनी रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुठली पिशवी कधी आली, कुणाला गेली, कधी बाद होणार, हे सगळं ते बघतं. पिशवी पस्तीस दिवस टिकते, त्यानंतर ती कुणाला चढवायची नाही. या सॉफ्टवेअरचे हजारो तुकडे आहेत. ते गोळा करायचे, त्यात बाहेरून आणलेलं तयार सामान घालायचं आणि सगळं बांधून एक चालणारा प्रोग्रॅम करायचा, याला बिल्ड म्हणतात. तो बिल्ड माझ्या मशीनवर होतो. गेली एकोणीस वर्षं माझ्याच मशीनवर होतो. मशीन तीनदा बदललं, पण आतला संसार उचलून जसाच्या तसा नव्यात मांडला. म्हणून ऑफिसात मला सगळे मुकादम म्हणतात. मला आवडतं.

नवीन माणूस आलं की माझ्या मशीनची नक्कल त्याच्या मशीनवर उतरवायची, अशी आमची पद्धत. ती नक्कल एका काळ्या डिस्कवर असते. तिला पोरं विरजण म्हणतात. अर्ध्या तासात माणूस कामाला लागतो. आजवर कुणी नको म्हटलेलं नाही.

ही नवीन बाई म्हणाली, "नको सर. मी कोऱ्या मशीनवर पहिल्यापासून लावते. सूचना लिहिलेल्या असतीलच ना?"

तिचं कारण बरोबर आहे, ते मला मान्य करावं लागतंय. आमच्या मालकीणबाई पूर्वी रक्तपेढीच चालवायच्या, म्हणून त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. त्यांनी हिला घेतलंय ते बिल्ड माझ्या मशीनवरून काढून भाड्याच्या, दूरच्या मशीनवर न्यायला. ते मशीन दर वेळी कोरं होऊन सुरू होतं, तिथे विरजण चालत नाही. एक एप्रिलपासून सगळं तिकडे. डॉक्टर म्हणाल्या, "मुकादम, उद्या तुमच्या मशीनवर कुणी चहा सांडला तर कंपनी बंद करायची का?"

मी म्हणालो, मी चहा सोडलाय.

मंगळवार, ५ मार्च

सूचनांचा कागद मीच लिहिलेला. अकरा पायऱ्या. आज तिने त्या अकरा पायऱ्यांतून एकतीस प्रश्न काढले.

"सर, पायरी चारमध्ये 'नेहमीची फाइल उचलावी' असं आहे. नेहमीची म्हणजे कुठली?"

नेहमीची म्हणजे नेहमीची!

"आणि पायरी सातमध्ये 'इथे जरा थांबावे'. किती?"

"झालं असं वाटेपर्यंत."

तिने तेही लिहून घेतलं. मला वाटलं हसेल, पण चेहरा इतका गंभीर की मलाच कसंतरी झालं. वय छत्तीस-सदतीस असेल. डबा खाताना एका हाताने टाइप करते. तिचं नाव मी चौकशी खिडकी ठेवलंय. फक्त या वहीत.

संध्याकाळी तो कागद पुन्हा वाचला. 'नेहमीचे' हा शब्द सहा वेळा आलाय. तो लिहिताना कोणाला माहीत होतं की माझ्याशिवाय कुणी तो वाचणार आहे.

शुक्रवार, ८ मार्च

चौकशी खिडकीचा बिल्ड आज शेवटपर्यंत गेला आणि दारात आपटला.

बिल्ड झाला की तो स्वतःचीच परीक्षा घेतो. सहाशे बारा चाचण्या. तिच्या मशीनवर सहाशे अकरा पास, एक नापास. त्या चाचणीत विचारलंय, की फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा असेल त्या वर्षी, दहा तारखेला घेतलेली पिशवी कधी बाद होते? उत्तर सोळा मार्च. तिच्याकडे येतं सतरा. माझ्याकडे सोळा, बाकी सगळ्यांकडे सोळा. म्हणजे चूक कोणाकडे आहे हे सांगायला जोशी लागत नाही.

मी समजुतीने म्हणालो, "ती एक चाचणी तात्पुरती बंद करा आणि पुढे चला. मागाहून बघू."

"नको सर. छत्तिसाव्या दिवशीचं रक्त कुणाला तरी चढेल."

"तुमच्या मशीनवरून थोडंच चढणार आहे?"

"पण एक तारखेपासून अशाच कोऱ्या मशीनवरून जाणार ना? आणि यंदा फेब्रुवारी एकोणतीसचाच होता."

मला गप्प बसवलेलं आवडत नाही. मग म्हणालो, "माझ्या मशीनवर चालतंय. तुमच्याकडेच काहीतरी राहिलंय, शोधा." ती म्हणाली, "हो सर," आणि सगळं पुसून पहिल्यापासून मांडायला बसली.

ती चाचणी कोणी लिहिली असं विचारत होती. काढून बघितलं तर नाव माझं. मला तर काही आठवत नाही. सोळा वर्षांपूर्वीची आहे, कशाला आठवेल?

रविवार, १० मार्च

बायको पेपर तपासत बसली होती. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे रविवारी आमच्या घरात लाल शाईचं राज्य. मी तिला चौकशी खिडकीची गंमत सांगितली. वाटलं हसेल.

ती वर न बघता म्हणाली, "माझ्या वर्गातली सगळी पोरं माझ्या परीक्षेत पास आणि बाहेरच्या परीक्षेत तोच एक प्रश्न सगळ्यांचा चुकला, तर मी काय समजायचं?"

"पोरांनी अभ्यास केला नाही."

"सगळ्यांनी? तोच एक प्रश्न?"

मी म्हणालो, गणित वेगळं आणि हे वेगळं. ती म्हणाली, "बरं." तिचं हे 'बरं' मी तीस वर्षं ऐकतोय. ते ऐकलं की भांडण जिंकून हरल्यासारखं वाटतं.

बुधवार, १३ मार्च

आज मी ओरडलो. वही यासाठीच आहे, तर लिहितो.

ती सकाळी आली आणि म्हणाली, "सर, एक मदत हवी होती. तुमच्या मशीनवर बाहेरचं जे सामान आहे, त्याच्या सगळ्या फाइलींची यादी मिळेल? नाव आणि आकार. माझ्या यादीशी ताडून बघते."

"माझ्या मशीनला कुणी हात लावत नाही."

"मी नाही लावत. तुम्हीच काढून द्या. पाच मिनिटांचं काम आहे."

तशी माझी तार सटकली. "एकोणीस वर्षं इथून बिल्ड जातोय. एक पिशवी इकडची तिकडे झालेली नाही. आणि दहा दिवस झाले नाहीत तोवर तुम्ही माझी झडती घेणार?"

सगळ्या हॉलमधले कीबोर्ड थांबले. तिचे कान लाल झाले. "सॉरी सर, तसं नव्हतं म्हणायचं," एवढंच बोलून ती जागेवर गेली. झडती हा शब्द माझ्या तोंडून कसा आला, मलाच कळत नाही. यादीच मागत होती बिचारी.

दुपारी जिन्यात ती फोनवर बोलत होती. मी वरच्या पायरीवर होतो, तिला दिसलो नाही. "नाही आई, अजून पक्की नाही... बावीस तारखेला कळेल... अहो, सहा वर्षांनी कुणीतरी दारात उभं केलंय. इथून काढलं तर पुढचा पहिला प्रश्न हाच विचारणार, की तीन आठवड्यांत का काढलं." मग आवाज बदलून, "हो गं सोन्या, आजीला त्रास देऊ नकोस."

मी खाली न उतरता परत वर गेलो.

संध्याकाळी डॉक्टरांनी बोलावलं. बावीसला तिची मुदत संपते. पक्कं करायचं की नाही, यावर माझं मत त्यांना लेखी हवंय. म्हणाल्या, "तुमच्याइतकं हे काम कुणाला कळत नाही."

खरंय.

शुक्रवार, १५ मार्च

तिने चौथ्यांदा मशीन पुसलं. चौथ्यांदा सतरा मार्च.

या वहीत खरं लिहायचं ठरलंय. आज चौथ्यांदा ते नापास झालं तेव्हा मला बरं वाटलं. तिच्याशी माझं काही वैर नाही. पण बिल्ड तिकडे गेला की मी सकाळी ऑफिसात येऊन करू काय? छप्पन्न वर्षांचा, चहा न पिणारा मुकादम. ज्याच्याकडे बिल्ड नाही त्याला मुकादम तरी कोण म्हणेल? पोरं मला कॉफीचं मशीन चालू करायला ठेवतील.

लिहिलं तर खरं, पण वाचून लाज वाटली.

शनिवार, १६ मार्च

ऑफिस बंद होतं. चष्मा राहिला म्हणून गेलो. घरी दुसरा चष्मा आहे हे हिला माहीत आहे, पण ती काही बोलली नाही.

यादी काढली. माझ्या मशीनवरची एक, आणि कोऱ्या ठिकाणी सगळं सामान नव्याने उतरवून दुसरी. दोनशे सात फाइली. पाच मिनिटांचंच काम होतं. दोनशे सहा तंतोतंत सारख्या.

एक नाही. तारखांचा हिशेब करणारी, बाहेरून आणलेली फाइल. नाव तेच, आवृत्ती तीच, आकार माझ्याकडे थोडा मोठा. उघडली. तिच्या पोटात माझी एक ओळ होती आणि ओळीशेजारी टीप: 'यांनी २९ फेब्रुवारी धरलाच नव्हता. धरला. नोंद नंतर करतो.' खाली माझं नाव आणि सोळा वर्षांपूर्वीची १९ फेब्रुवारी.

म्हणजे असं, की बाहेरून आणलेलं सामान चुकीचं होतं. ते मी माझ्या मशीनवर हाताने दुरुस्त केलं आणि सगळ्यांसाठी जिथे नोंद करायची तिथे केलीच नाही. ज्यांनी ते सामान बनवलं त्यांनी केव्हाच दुकान बंद केलं, त्यामुळे मूळ चूक तशीच राहिली. आणि माझी दुरुस्ती विरजणातून प्रत्येकाच्या मशीनवर गेली, कुणालाही न कळता. मलाही.

तिच्याकडे काहीच राहिलं नव्हतं. तिचं मशीन खरं बोलत होतं.

त्या १९ फेब्रुवारीला मी कुठे होतो, ते तारीख बघताक्षणी आठवलं. त्याबद्दल आज लिहिवत नाही.

सोमवार, १८ मार्च

सांगणार होतो. सकाळी ती जागेवर नव्हती. मग मीटिंग होती. मग जेवण. मग तिने मला बघून नुसती मान हलवली आणि हेडफोन घातले, तेव्हा कसं सांगणार?

उद्या.

मंगळवार, १९ मार्च

आज मी जे केलं ते मला हुशारीचं वाटलं होतं.

सगळ्या मशीनांचा मुख्य पासवर्ड माझ्याकडे असतो. ती जेवायला गेली तेव्हा मी माझ्या जागेवरून ती दुरुस्त फाइल तिच्या मशीनवर गुपचूप ठेवली. म्हटलं, आल्यावर बिल्ड चालवेल, सगळं पास होईल. तिला नोकरी, मला शांतता. दूरच्या मशीनवरही पुढेमागे सवडीने काहीतरी करता येईल. कुणाला सांगायला नको, कुणाचा अपमान नको.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिच्या पडद्यावर सहाशे बारा पास आले. मी खांबाआडून बघत होतो. आता उडी मारेल असं वाटलं. ती नुसती बसून राहिली. मग माझ्याकडे आली.

"सर, पास झालं."

"बघा! म्हटलं नव्हतं मी? धीर धरायचा असतो."

"पण मी काही बदललंच नाही, सर."

"असतं असं कधीकधी. यंत्र आहे शेवटी."

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मला माझंच बोलणं ऐकू आलं. एकोणीस वर्षांत 'असतं असं' म्हणणाऱ्या कितीतरी पोरांना मी फैलावर घेतलंय.

ती जागेवर गेली आणि तिने मशीन पुसलं. पाचव्यांदा. पहिल्यापासून मांडल्यावरही पास होतं का, ते बघायला. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दोन आठवडे ती दुसरं काय करतेय?

घरी निघताना बघितलं. सतरा मार्च.

बुधवार, २० मार्च

आज ती कुणाशी बोलली नाही. डबा उघडला नाही. एका कागदावर तिने मंगळवारची सगळी कामं मिनिटामिनिटाने लिहून काढली आहेत. नऊ वाजून पाच, मशीन सुरू केलं. नऊ वाजून बारा, सामान उतरवायला घेतलं. असं करत तीन वाजून दहापर्यंत. पाणी प्यायला उठली तेही लिहिलंय. मी जाताना तिने विचारलं, "सर, काल दुपारी वीज गेली होती का हो? क्षणभर वगैरे?"

मी नाही म्हणालो. एवढं एक खरं बोललो.

फाइल पुन्हा ठेवावी का, असा विचार दोनदा आला. ठेवली तर ती पुन्हा पुसणार.

गुरुवार, २१ मार्च

ती स्वतःहून डॉक्टरांकडे गेली. मलाही बोलावलं होतं.

म्हणाली, "मंगळवारी एकदा पास झालं. का झालं, मला सांगता येत नाही. त्यामुळे ते मी पास धरत नाही. एक तारखेला बिल्ड तिकडे नेऊ नका, असं माझं मत आहे."

असं सांगितल्यावर आपली नोकरी राहणार नाही, हे तिला माहीत होतं. चाचणी बंद करून हिरवी खूण दाखवली असती तर मीसुद्धा मान डोलावली असती.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "ताप का उतरला हे माहीत नसेल तर मी पेशंटला घरी सोडत नाही. तुम्ही सोडला नाहीत, हे आवडलं मला. पण तीन आठवडे झालेत. मला कारण शोधून देणारं माणूस हवंय. उद्या दुपारपर्यंत मिळालं तर बघू." मग माझ्याकडे वळल्या. "मुकादम, तुमचं काय मत?"

मी म्हणालो, "उद्या लेखी देतो."

बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "सर, तुम्हाला काय वाटतं, माझं काय चुकतंय?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. तिला वाटतंय की मला माहीत असेल.

रात्री घरी जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, ऑफिसचं. ती म्हणाली, "बरं."

शुक्रवार, २२ मार्च

सकाळी दोन्ही याद्या छापून घेतल्या. जी फाइल वेगळी, तिच्याखाली लाल रेघ मारली. बायकोचंच पेन. मग चौकशी खिडकीच्या टेबलाशी जाऊन म्हणालो, "चला, डॉक्टरांकडे. कारण मिळालंय."

तिचा चेहरा असा उजळला की मला ते बघवेना.

आत गेल्यावर उभ्या उभ्याच सांगितलं. सोळा वर्षांपूर्वी मी एक फाइल हाताने दुरुस्त केली आणि नोंदवली नाही. विरजणातून ती सगळ्यांकडे गेली. कोऱ्या मशीनवर ती नाही, म्हणून तिथे सतरा मार्च येतं आणि येणारच. रक्तपेढ्यांना आजवर गेलं ते बरोबर गेलं, कारण ते माझ्या मशीनवरून गेलं. एवढं सांगणं जमलं. एक उरलं होतं. खरं जड तेच होतं.

"आणि मंगळवारी पास झालं, कारण यांच्या मशीनवर ती फाइल मी ठेवली होती. यांना न सांगता."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"सोळा वर्षांपूर्वीचं मला काही वाटत नाही, सर," ती म्हणाली. "असं कुणाकडूनही राहतं. पण मंगळवारपासून मला वाटतंय की माझं डोकं चालेनासं झालंय. सहा वर्षं घरी बसल्याने गेलं सगळं, असं वाटलं. काल मी नवऱ्याला सांगितलं की हे आपलं काम नाही. आणि तुम्ही खांबाआड उभं राहून बघत होतात."

म्हणजे तिने बघितलं होतं.

"चुकलो," मी म्हणालो. "घाबरलो होतो. तुमचं भलं करतोय असं स्वतःला सांगत होतो, पण मी माझी अब्रू झाकत होतो. मला माफ करा." छप्पन्न वर्षांत हे वाक्य मी ऑफिसात कधी उच्चारलेलं नाही. घरीही फार नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "कारण शोधलं कोणी?"

"यांनी. यादी तेरा तारखेला मागितली होती. मी दिली असती तर त्याच दिवशी संपलं असतं. दिली नाही, वर ओरडलो."

"तुमचं मत लेखी यायचं होतं."

मी तिथेच टेबलावर लिहिलं: 'यांचं काम पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. चूक माझ्या मशीनवर होती. यांना पक्कं करावं आणि माझं मशीन पुसून यांच्या देखरेखीखाली पुन्हा मांडावं.' डॉक्टरांनी वाचलं, सही केली आणि तिला म्हणाल्या, "सोमवारपासून तुम्ही पक्क्या. मुकादम, तुमच्याशी मी नंतर बोलणार आहे." त्या बोलल्या. ते इथे लिहीत नाही, पण सगळं बरोबर होतं.

मग आम्ही दोघं तिच्या टेबलाशी बसलो. दुरुस्त फाइल सगळ्यांसाठी असते त्या जागी ठेवायची होती आणि सोबत नोंद लिहायची होती. काय बदललं, का बदललं, कोणी. नाव माझं घातलं.

"उशिराचं कारण काय लिहू, सर?" तिने विचारलं. अजून रागावलेली होती. विचारण्यात माया वगैरे काही नव्हती, रकाना रिकामा होता म्हणून विचारलं. कदाचित म्हणूनच मला सांगता आलं.

त्या दिवशी मी दवाखान्यात आईजवळ होतो. मांडीवर लॅपटॉप. पेढ्यांचा फोन आला होता की तारखा एक दिवसाने चुकतायत. मी ती ओळ टाइप करत होतो तेव्हा आईने हाक मारली. मी म्हणालो, "झालंच आई, एक मिनिट." ओळ पूर्ण केली, त्यावर चाचणी लिहिली, पास झाली, बिल्ड पाठवून दिला. वर बघितलं तर तिचा डोळा लागला होता. म्हटलं, झोपू दे. ती त्यानंतर बोलली नाही. दोन दिवसांनी गेली. तिला काय हवं होतं, पाणी की आणखी काही, ते मला कधीच कळलं नाही. तेराव्या-चौदाव्या दिवशी कामावर आलो तेव्हा ती ओळ, ती चाचणी, सगळं डोक्यातून पुसून गेलं होतं. नोंद कुठली करतोय.

तिने रिकाम्या रकान्याकडे बघितलं. मग टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. 'बदल बरोबर होता. नोंद राहून गेली होती.'

"चालेल, सर?"

मी मान हलवली. तिने कोऱ्या मशीनवर बिल्ड चालवला. चाळीस मिनिटं लागली. दोघंही उठलो नाही. सहाशे बारा.

घरी आल्यावर हिने विचारलं, झालं का ऑफिसचं. मी सगळं सांगितलं, शनिवारच्या चष्म्यापासून आईच्या हाकेपर्यंत. ही हातातला पेपर खाली ठेवून ऐकत होती.

"सोळा वर्षं मला नाही सांगितलंत," ती म्हणाली. "मी कितीदा विचारलं, त्या दिवशी काय झालं म्हणून. आणि आज परक्या बाईला सांगून आलात."

"तू रागावली असतीस."

"रागावलेच असते."

आणि रागावली. सोळा वर्षांचं सगळं एकदम, चांगला अर्धा तास. मग ती रडली, आणि मग मी. वरण गॅसवर तसंच राहिलं. आम्ही दोघं आईबद्दल बोलत बसलो.